ओझरच्या गणपतीला बोललेले पाय

माझे पाय कधीच बघण्यासारखे नव्हते. तळवे पाटासारखे सपाट, अंगठे एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखे दोन दिशांना वळलेले. लहानपणी विहिरीवरून ओल्या पायांनी ओटीवर आले की फरशीवर उमटलेले ठसे बघून आई आतूनच विचारायची, "बदकं आली का गं?" धड चालणं मला येतच नव्हतं. पिंपळवंडीच्या आमच्या मळ्यातून शाळेपर्यंत जाताना दिसेल त्या बांधावर मी बूड टेकायची. आणि तरीही कॉलेजात गेल्यावर माझी अशी समजूत झाली की आपण कुणीतरी आहोत. कोण, ते ठरलं नव्हतं. त्या वयात माझ्याजवळ अक्कल आणि वजन दोन्ही कमी होतं. त्यातलं वजन तेवढं पुढे वाढलं.

घर मळ्यातच होतं. उजाडायच्या सुमारास विहिरीवरचं इंजिन सुरू व्हायचं, आणि त्याची टुकटुक ऐकत घरातले सगळे आपापल्या कामाला लागायचे. कांद्याच्या चाळीचा वास अंथरुणापासून वहीपर्यंत सगळ्याला लागलेला. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून घरातली हवा कळायची. आई खुशीत असली की थापणं हलकं, पावसाच्या थेंबांसारखं. दादांशी, म्हणजे वडिलांशी, तिचं बिनसलं की एकेक थाप कानशिलात मारल्यासारखी. गंमत अशी की रागातल्या भाकरी पातळ आणि मऊ व्हायच्या. त्यामुळे दोघांचं भांडण झालं की आम्ही पोरं खुशीत चटणी वाटायला बसायचो. दादा मोजकं बोलायचे. तंबाखूची चिमूट गालात असली की त्यांना बोलता यायचं नाही, आणि ती कायम गालात असायची. पण चिमूट थुंकून ते बोलायला लागले की समजायचं, आता निकाल.

असा निकाल लागायची वेळ माझ्यामुळे आली. मला पुण्याला वसतिगृहात राहून डी.एड. करायचं होतं. मास्तरीण व्हायची फार हौस होती असं नाही. पुण्याला मास्तरणी पायात उंच टाचेच्या चपला घालतात असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. शिक्षणामागची माझी तळमळ एवढीच. दुसरीकडे निरगुडसरच्या एका घरातून मला बघून गेले होते. मुलगा काळा की गोरा ते आता आठवत नाही, कारण त्याने तोंड उघडलं ते फक्त नव्या ट्रॅक्टरबद्दल बोलायला. ट्रॅक्टर लाल होता. दादांना ट्रॅक्टर पसंत होता.

त्याच सुमारास आमच्या जुन्नरच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी एक टूम काढली. बाई पुण्याच्या. डोक्यावर कापडी हॅट, गळ्यात शिट्टी, आणि प्रत्येक झुडपाला त्याच्या लॅटिन नावाने हाक मारायची सवय. दिवाळीनंतर मुलींना घेऊन नाणेघाटापासून डोंगराच्या कडेकडेने भीमाशंकरपर्यंत चालत जायचं, दुर्गवाडीला आणि आहुप्याला मुक्काम करायचा, असा त्यांचा बेत. जुन्नर तालुक्यात चढायचं आणि आंबेगाव तालुक्यात उतरायचं. मी घरी येऊन हे सांगितलं ते केवळ बढाई म्हणून. दादांनी चिमूट थुंकली.

"तू? आळेफाट्याच्या बाजारात जाया तुला बैलगाडी लागती."

"मला येतं चालायला."

"मंग चाल," दादा म्हणाले. "भीमाशंकरला मी येतो. पायऱ्यांपाशी हुबा ऱ्हातो. तुझ्या पायानं आलीस तर पुणं. गाडीत बसून आलीस तर निरगुडसर."

आईची थाप थांबली. "अवो, पोरीला रानात धाडताय?"

"रानात न्हाई, पुण्याला धाडतोय. मधी रान हाय."

एखाद्या शहाण्या मुलीने दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून चालायचा सराव केला असता. मी ओझरला गेले. विघ्नहरासमोर डोळे मिटून उभी राहिले आणि म्हणाले, "बाप्पा, मला भीमाशंकरपर्यंत नीट पोचव. मी ती सगळी वाट अनवाणी चालेन."

हे वाक्य मी आजही मनात पुन्हा म्हणून बघते आणि मला त्या मुलीची कीव येते. आमच्याकडे नवस कोण बोलत नाही? म्हैस गाभण राहू दे, नारळ फोडीन. पोरगं पास होऊ दे, पेढे वाटीन. काम आधी, देणं नंतर, आणि देणं असं की त्याने कामात मोडता येऊ नये. एवढा व्यवहार आमच्या गोठ्यातल्या गड्यालाही कळत होता. मी मात्र चालता येत नाही म्हणून देवाला मदत मागितली आणि मोबदल्यात, चालण्यापुरते जे काही होते ते पायच त्याला देऊन टाकले. पोहता येत नाही म्हणून धावा करायचा आणि हात बांधून विहिरीत उडी टाकायची, त्यातला प्रकार. गणपतीचे कान मोठे. त्याने नक्की ऐकलं असणार आणि तो हसलाही असणार. पण माझे डोळे मिटलेले होते.

नवस सांगायचा नसतो, म्हणून कुणाला सांगितला नाही. आईने मात्र हट्टाने माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणवले होते. ते घरी ठेवले तर प्रश्न, पायात घातले तर पाप. मी ते पिशवीत भरले. म्हणजे नाणेघाटातून निघताना माझी अवस्था अशी: पाय जमिनीवर आणि बूट पाठीवर. बाईंनी विचारलं तेव्हा मान वर करून म्हणाले, "आम्ही मळ्यातली माणसं, बाई. आम्हाला सवय असते." मळ्यात मी काय चालले होते ते बांधांनाच माहीत.

मंदा भारावून गेली. मंदा ओतूरची, वर्गात माझ्या शेजारी बसणारी. तिला कुणीही भारावून टाकू शकायचं. तिच्या खांद्यावर मासवड्यांचा भलामोठा डबा होता, आणि चालण्यापेक्षा तो उघडायचा कधी याकडे तिचं लक्ष. शमीम मात्र माझ्या पायांकडे बघून नुसती "हं" म्हणाली. शमीम जुन्नरची, तिचे वडील पिंजारी, गाद्या-रजया भरून द्यायचे. अंगाने थोराड, पायाने त्याहून थोराड. तिच्या पायात भावाचे जुने बूट होते आणि पाठीवर वडिलांनी भरून दिलेली रजई.

जीवधन मागे पडेपर्यंत मी खरोखरच ऐटीत चालले. वाऱ्याने परकर फडफडतोय, खाली कोकण पसरलंय, मंदा मागून "सुमे, काय गं तुझी कमाल!" म्हणतेय. मग ऊन चढलं आणि कातळ तापला. कातळ संपला तिथे वाळलेलं गवत लागलं आणि गवतात कुसळं. कुसळ म्हणजे काय ते बूटवाल्यांना कळायचं नाही. ते टोचत नाही, शिरतं. आणि शिरल्यावर पुढे पुढे सरकत राहतं. मी आधी टाचेवर चालले, मग चवड्यावर, मग पायाच्या बाहेरच्या कडेवर. पाय ठेवायच्या सगळ्या जागा संपल्यावर तोंड वाकडं करून चालले. बाई पुढून सांगत होत्या, "मुलींनो, ही बघा कारवी, ही अनेक वर्षांतून एकदा फुलते!" मला त्या वेळी कारवी जन्मात फुलली नसती तरी चाललं असतं.

माझी नात पुण्याला असते. तिचा एक गट आहे, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असतो. पायात घोट्यापर्यंतचे बूट, दोन हातांत दोन काठ्या, मनगटावर किती चाललात ते सांगणारं घड्याळ, आणि फोडावर लावायला चित्रांची पट्टी. चालून आल्यावर ती सोफ्यावर पडते आणि म्हणते, "आजी, काय रिलॅक्स वाटतं माहितीये?" मला माहीत नाही. मला चालून कधीच बरं वाटलेलं नाही. डोंगरात मन शांत होतं म्हणणाऱ्यांचे पाय शाबूत असतात. माझं मन त्या तीन दिवसांत फक्त माझ्या तळव्यांत होतं, आणि तिथे शांतता नव्हती.

दुर्गवाडीला शाळेच्या ओसरीवर उतरलो. दिवस अजून होता. गावातून नाचणीच्या भाकरी आणि हुलग्याचं कढत माडगं आलं. मंदाच्या मासवड्या उन्हाने आंबल्या होत्या. तरी तिने त्या खाल्ल्या, आणि पुढची सगळी वाट तिच्या मागून चालायला कुणी तयार होईना. ओसरीवर आम्ही एकमेकींचे पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. कुणी सुईने काटे काढतेय, कुणी खोबरेल चोळतेय, आणि सगळ्यांच्या घामाचा असा वास की गावातली कुत्री लांबूनच परत जात होती. मैत्री मैत्री म्हणून लोक कविता करतात. मला मैत्री म्हटलं की तो वास आठवतो. शमीमने माझा पाय ओढून उजेडाकडे धरला आणि तिचा चेहरा पडला.

"ही सवय व्हय गं तुझी?"

"होईल बरं."

"आगं, पायाचं भरीत झालंय. बूट न्हाईत का तुला?"

"आहेत."

"कुठं?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं. शमीमने पिशवी उघडली, कोरे बूट बाहेर काढले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बुटांकडे बघितलं, आणि ते परत आत ठेवले. "मंदे," ती म्हणाली, "ह्या बाईला दवाखान्यात दाखवाया पायजे. पायाचा न्हाई, डोक्याचा डॉक्टर बघ."

दुसऱ्या दिवशी आहुप्याला मी पोचले ते एका बाजूला शमीम आणि दुसऱ्या बाजूला मंदा अशी लटकून. माझी पिशवी मंदाने घेतली होती आणि हमाली म्हणून त्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या वाटेत संपवल्या होत्या. दोन्ही तळव्यांचे फोड फुटून सालं लोंबत होती. बाईंनी ते बघितलं, शिट्टी तोंडातून काढली आणि पहिल्यांदाच मराठीत काहीतरी कामाचं बोलल्या: "सुमन, उद्या सकाळी मुक्कामाची एस्टी घोडेगावला परत जाते. तू त्यात बसायचंस. मी तुझ्या वडिलांना काय तोंड दाखवू?"

वडिलांचं तोंड मला चांगलंच माहीत होतं. त्यात चिमूट नव्हती आणि मागे लाल ट्रॅक्टर उभा होता.

सकाळी एस्टी सुरू करून ड्रायव्हर चहा पीत होता. ती घरघर ऐकून मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी नवस सांगून टाकला. मला वाटलं आता या दोघी गलबलून जातील. मंदा गलबलली, तिने हात जोडून ओझरच्या दिशेला, म्हणजे तिला वाटलं त्या दिशेला, नमस्कारही केला. शमीम मात्र अशी भडकली की कोंबड्या पळाल्या.

"नवस कशासाठी बोललीस?"

"भीमाशंकरला पोचायला."

"पोचलीस का?"

"न्हाई."

"मंग देणं कशाचं चालू केलंस? आमच्यात दर्ग्यात मन्नत मागत्यात. काम झालं की चादर. कामाच्या आदी चादर घालून बसलेलं माणूस मी आजून बघितलं न्हाई. तुज्या गणपतीनं काम केलंच न्हाई आजून, आन् तू त्याचे पेढे वाटत सुटलीस!"

"पण तिनं हीच वाट अनवाणी म्हणलंय," मंदा घाबरत म्हणाली.

"मंग परत यील ती ह्या वाटनं! आदी पोच. मंग फेड. देव कुठं पळून चाललाय?"

मी आ वासून बघत राहिले. माझ्याच देवाचा माझ्याच घरातला व्यवहार, आणि तो मला जुन्नरच्या पिंजाऱ्याच्या पोरीने समजावून द्यावा! मला लाज वाटायला हवी होती. मला एवढंच वाटलं की चला, बूट घालायची सोय झाली.

पण बूट पायात जाईनात. पाय सुजून भोपळे झाले होते. शमीमने आपले बूट काढले, रजईची एक बाजू दातांनी उसवली आणि आतला कापूस ओढून बुटांत भरायला लागली. मी म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांनी भरलीय ती." ती म्हणाली, "पिंजाऱ्याच्या घरात कापसाला तोटा न्हाई. गप बस." मग तिने माझे कोरे बूट उचलले, चाकूने त्यांचे पुढचे पंजे कापले आणि त्यांतून स्वतःची बोटं बाहेर काढून उभी राहिली. दारातून कंडक्टर ओरडला, "पावणं, येताय का न्हाई?"

"जावा भाऊ तुमी," शमीम म्हणाली. "आमची पावणी चालत यायची हाय."

बाईंनी विरोध करायला शिट्टी उचलली, तेवढ्यात एस्टी निघून गेली.

कोंढवळच्या बाजूने आम्ही भीमाशंकरच्या रानात शिरलो तेव्हा आमच्या त्या फौजेकडे बघून झाडांवरची शेकरंसुद्धा खाली उतरली नाहीत. माझ्या बुटांतून कापूस गळत होता, त्यामुळे आम्ही कुठून आलो ते मागच्याला कळलं असतं. शमीमची बोटं फाटक्या बुटातून कासवाच्या तोंडासारखी बाहेर. ती ठेचकाळली की आधी मला शिवी द्यायची, मग माझ्या देवाला, मग समतोल राखायला स्वतःच्या भावाला, ज्याने बूट एवढे मोठे घेतले. मंदा पोट धरून कण्हायची, पण सुरात. दुपारी बाईंच्या बुटाचा तळ सुटला, तो मंदाने वेणीची लाल रिबीन सोडून बांधून दिला. तेव्हापासून बाईंनी एकाही झुडपाचं लॅटिन नाव घेतलं नाही. मधे एकदा मी खाली बसले ती उठेचना. दोघींनी समजूत वगैरे काढली नाही. शमीम म्हणाली, "बस. ट्रॅक्टर पाठवू का?" मी उठले.

दादा पायऱ्यांपाशी उभे होते. धोतर, टोपी, काखेत पिशवी. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. नजर सरळ खाली.

"बूट कुणाचं?"

"शमीमचे."

"आन् पाय?"

"माझेच."

"काका, तिचेच हायेत," शमीम मागून म्हणाली. "दुसऱ्या कुणी घेतलेबी नस्ते."

दादा हसले. दादांना हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही, म्हणून आठवतं. मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या चपला काढल्या. मंचरच्या दुकानातल्या, नव्या, आणि टाच उंच. "घे," म्हणाले. टाचांची गोष्ट मी फक्त आईला बोलले होते. त्या चपला त्यांनी मी दिसायच्या आधीच घेतलेल्या होत्या. म्हणजे मी पोचणार याची त्यांना खात्री होती, की निरगुडसरला जायलाही चपला लागतातच असा त्यांचा हिशेब होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारता बऱ्या असतात, असं मला वाटलं. एरवी मी विचारल्याशिवाय राहणारी नव्हे.

चपलाही पायात गेल्या नाहीत. शमीमला तिचे बूट परत केले, कारण तिला जुन्नर गाठायचं होतं. फाट्यावर एस्टीतून उतरून मळ्याच्या मऊ मातीतून मी अनवाणीच घरी गेले, चपला छातीशी धरून, दादांच्या मागे लंगडत. इंजिन चालू होतं. पाटात पाय बुडवून ओटीवर चढले, तर आतून भाकरीची थाप थांबली.

"बदकं आली का गं?"

"आली," दादा म्हणाले. "पुण्याला चाललीत."

पुण्यात त्या चपला मी मिरवत घातल्या आणि पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या जिन्यावरून पडले, ती हकीकत याहूनही लाजिरवाणी आहे. निरगुडसरच्या त्या मुलाने, मागाहून कळलं, एका ड्रायव्हिंग येणाऱ्या मुलीशी लग्न केलं. सगळ्यांचं भलं झालं.

नवस तेवढा राहिला. शमीम आता जुन्नरलाच असते, दोन्ही गुडघे बदलून घेतलेले, जिभेला मात्र काही झालेलं नाही. दर वर्षी दिवाळी सरली की तिचा फोन येतो. माझं बीपी, माझी साखर, नातीचं लग्न, कशाचीही चौकशी न करता पहिला प्रश्न तोच.

"फेडलास का गं?"

"नीट पोचव म्हटलं होतं. नीट पोचले कुठं अजून?" मी म्हणते.

पलीकडे ती खुर्चीत बसत असावी. गुडघ्यांच्या नावाने एक लांबलचक शिवी ऐकू येते, आणि मग तिचा तोच आहुप्याचा आवाज.

"मंग चाल."